नर्सबाईंचा लख्ख डबा

अंकुशनगरला साखर कारखान्याच्या मागं आमची कोपी होती. पाचटाच्या भिंती, वर फाटकी ताडपत्री. बाप उसाच्या मोळ्या गाडीत चढवायचा आणि माय दिवस भरत आले तरी फडात जायची. धाकट्या बहिणीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाईच चालत आल्या. त्यांनी आमच्या तीन दगडांच्या चुलीवर आपला लांबट डबा ठेवला, त्यात कात्री-चिमटे उकळले. पाचटाच्या धुरानं डबा बुडापासून कडेपर्यंत काळा झाला. माय वाचली, बहीण वाचली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते. आज जालन्यात नर्सिंगच्या पोरींना शिकवते. एकदा वर्गात काचेच्या सिरिंजचा विषय निघाला, तर एकीनंही ती पाहिलेली नव्हती. मी प्राचार्य मॅडमकडं जुन्या वस्तूंसाठी खोली मागितली. मॅडम म्हणाल्या, "देते. पण भांड्याचं दुकान नको. वस्तू कोणाची, कुठं वापरली, हे दिसलं पाहिजे. नाहीतर खोली परत घेईन."

मी थेट वडीगोद्री गाठली. रिटायर झाल्यापासून नर्सबाई तिथं लेकाकडं राहतात. डबा माळ्यावर होता. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं, लग्नातल्या भांड्यावर टाकतात तसं. बुडाला काजळी तशीच.

"द्याल का, बाई?"

"घेऊन जा की. पण आत्ता न्हाई. पुढल्या आठवड्यात ये. माझ्या मैत्रिणींकडूनबी आणून ठेवते."

पुढल्या आठवड्यात गेले. पलंगावर वर्तमानपत्र पसरून डबे, ट्रे, ड्रेसिंगचे ड्रम मांडलेले. शेजारी नर्सबाई आणि त्यांच्यासारख्याच रिटायर झालेल्या तिघी जणी. सगळं आरशासारखं चमकत होतं.

"कसं दिसून राह्यलं?" नर्सबाईंनी विचारलं.

मी डबा उचलला, उलटा केला. बूड पांढरंशुभ्र. झाकणावर नावाच्या जागी नुसता गुळगुळीत पट्टा.

"बाई, काजळी कुठंय? नाव कुठंय?"

"भांड्याच्या दुकानात मशीनवर घासून आणलं सगळं. दुसऱ्याला भांडं देताना आपलं नाव ठेवून देतं का कोणी?"

"माझे तर चिंचेनं ट्रे घासून हात सोलले," एक सिस्टर म्हणाल्या. "आन् हिचं तोंड बघा! जशी जावयाच्या घरी आल्ती अन् कोणी चहाबी न्हाई विचारला."

तिघी हसल्या. मला हसू येईना. मी पलंगाच्या कडेवर बसले. म्हणाले, "बाई, ती काजळी आमच्या चुलीची होती."

नर्सबाईंनी डबा माझ्या हातातून घेतला, बुडावरून बोट फिरवलं.

"मंग तवाच बोलायचं ना, पोरी. मी म्हणलं, कॉलेजात ठेवणार, मोठी मोठी माणसं बघणार. नर्स लोकांची भांडी अशी घाण, म्हणतील." पदर खांद्यावर घेत त्या उठल्या. "चल जल्दी. नाव परत टाकून घेऊ."

"आता टाकलेलं जुनं कसं म्हणायचं, बाई? खोटं होईल."

"खोटं कसं? डबा माझा, नावबी माझंच."

मी डबा उचलला. आम्ही पाची जणी त्याच दुकानात गेलो. कोरणाऱ्यानं मशीन हातात घेतलं. "काय टाकू?" नर्सबाईंनी नाव सांगितलं, उपकेंद्राचं गाव सांगितलं. मी म्हणाले, "खाली आजची तारीख टाका. आणि लिहा, जुनं नाव आणि काजळी घासून काढली."

तो हसला. "घासलं हेबी टाकू? भांड्यावर?"

"बराबर म्हणते ती. टाक," नर्सबाई म्हणाल्या.

ज्यांच्या वस्तू अजून यायच्या होत्या त्या सिस्टरांना मी तिथूनच फोन लावले. "हात लावू नका. घासू नका. आहे तसं द्या."

"घाणच देऊ?" एकीनं विचारलं.

"घाणच द्या."

मॅडमनी खोली परत घेतली नाही. जालन्यात आमच्या कॉलेजात नर्सबायांच्या वस्तूंचं संग्रहालय सुरू झालं. तिथल्या प्रत्येक वस्तूवर ती जिची होती तिचं नाव आहे.