एकशे आठ घरं आणि बांधावरची माणसं

सुपडू शिंपी यांना माणसांची नावं फारशी लक्षात राहत नाहीत. घरांचे नंबर मात्र राहतात. शिरपूरच्या बाजारात कुणी समोर आलं की ते दोन घटका बघत राहतात आणि मग म्हणतात, "तुम्ही बावन्न नंबर ना? दारात शेवग्याचं झाड होतं." समोरचा माणूस चकित होतो. ते घर आणि तो शेवगा चाळीस वर्षांपासून पाण्याखाली आहेत.

गावाचं नाव करंजखेडी. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरपासून तासाभराच्या वाटेवर. त्र्याऐंशी साली तिथल्या नाल्यावरचं धरण पुरं होत आलं आणि गाव उठणार हे नक्की झालं. भरपाईच्या फाइलला प्रत्येक घराचा फोटो लागत होता. घरासमोर घरमालक, त्याच्या हातात पाटी, पाटीवर खडूने घराचा नंबर. सुपडू तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचा 'नूतन फोटो स्टुडिओ' नुकताच सुरू झालेला, आणि दोन डोळ्यांचा यशिका कॅमेरा तालुक्यात मोजक्याच लोकांकडे होता. काम त्यांना मिळालं.

यादीत एकशे आठ घरं. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणून मोजून नऊ रोल हातात ठेवले गेले. एकही फोटो वाया घालवायचा नाही. थंडीचे दिवस होते. चार दिवस ते गावात राहिले, मारुतीच्या पारावर झोपले आणि ज्याच्या घराचा फोटो काढला त्याच्याकडे जेवले. पाटी धरून उभं राहायला लोकांना आधी कसंसंच वाटायचं. गुन्हेगाराचा काढतात तसा फोटो, असं कुणीतरी बोललंही. पण दुसऱ्या दिवसापासून बायका केस विंचरून, पोरांना धुऊन-पुसून दारात तयार ठेवू लागल्या. कुणी बैल आणून उभा केला, कुणी नवी शिलाई मशीन बाहेर काढली. फाइलला या गोष्टींची गरज नव्हती. सुपडूंनी कुणाला अडवलं नाही.

प्रिंट कार्यालयात जमा झाल्या. निगेटिव्ह कुणी मागितल्या नाहीत, म्हणून त्या स्टुडिओतच राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात गाव उठलं, पावसाळ्यात पाणी भरलं.

स्टुडिओ आता मुलगा कुंदन चालवतो. लग्नाचे व्हिडिओ, ड्रोन, अल्बम. सुपडू सकाळी दुकान उघडून पेपर वाचतात आणि अकराला घरी जातात. अशाच एका सकाळी एक बाई आल्या. नव्या करंजखेडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सरिता पावरा मॅडम.

"आबा, आमच्या गावाचे जुने फोटो तुमच्याकडे आहेत, असं लोक सांगतात. पोरांना विचारलं, आपलं जुनं गाव कसं होतं, तर एकालाही सांगता येईना. सव्वीस जानेवारीला शाळेत लावायचे आहेत. मिळतील का?"

"निगेटिव्ह आहेत. बुरशी लागली असेल तर सांगता येत नाही."

निगेटिव्ह पत्र्याच्या पेटीत, बटर पेपरच्या पाकिटांत होत्या. नऊपैकी आठ रोल चांगले निघाले. एका रोलच्या कडेला पांढरी नक्षी चढली होती, पण चेहरे वाचले होते. सुनेने, शीतलने, हे काम अंगावर घेतलं. खालून उजेड देणारी काच, वर कुंदनचा कॅमेरा, आणि एकेक निगेटिव्ह कॉम्प्युटरवर. सुपडू मागे खुर्चीत बसून नंबर सांगायचे. काळं पांढरं झालं, पांढरं काळं झालं की घर दिसायचं. धाब्याची, सपाट छपरांची घरं, वरती खारी माती, कोपऱ्यात जळणाची मोळी. सुपडू म्हणाले, "काढताना मी फक्त पाटी नीट दिसते का, एवढंच बघत होतो. बाकीचं आत्ता बघतोय."

सव्वीस जानेवारीला शाळेच्या ओट्यावर दोऱ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून एकशे आठ फोटो टांगले. झेंडावंदन झालं आणि गाव दोऱ्यांवर तुटून पडलं. एरवी जत्रेला असते तशी गर्दी. लोक आधी आपला नंबर शोधत, मग शेजाऱ्याचा. एक म्हातारा सांगत होता, ही चावडी, हिच्यामागे विहीर, विहिरीचं पाणी गोड. पुष्पाबाई पाटील एकेचाळीस नंबरसमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात. फोटोत त्या स्वतः होत्या, लग्नाला महिना झालेली सून, सासऱ्यांच्या मागे अर्धी दडलेली.

"हा दरवाजा बघा," त्या सुपडूंना म्हणाल्या, "आम्ही चौकटीसकट काढून आणला. आता गोठ्याला लावलाय. आणि हे माझे सासरे. यांचा दुसरा फोटोच नाही घरात. मतदानाच्या ओळखपत्राआधीच गेले ना ते."

असं आणखी सात-आठ घरांचं निघालं. गेलेल्या माणसाचा एकच फोटो, तोही हातात पाटी धरलेला. सुपडूंनी ज्यांना प्रिंट हव्यात त्यांची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली.

दुपारी पाड्यावरून एक माणूस आला. साठी ओलांडलेला, अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल. त्याने पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत सावकाश चक्कर मारली. मग परत पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा शेवटाशी आल्यावर तो सुपडूंजवळ आला.

"भाऊ, गावना बठ्ठा फोटो शेतस. आमना कोठे शेतस?"

तो कुवरसिंग भिल होता. जुन्या करंजखेडीच्या वरच्या अंगाला, शेताच्या बांधापलीकडे अकरा झोपड्यांची भिलाटी होती. गाव उठलं तेव्हा भिलाटीही उठली. गावाला नवं गावठाण मिळालं आणि भिलाटीची माणसं डोंगराच्या कुशीत आपली आपण जाऊन राहिली. तोच आता पाडा झाला होता.

"तुमची घरं यादीत नव्हती," सुपडू म्हणाले. "मला यादी दिली होती तेवढेच काढले."

कुवरसिंगने मान हलवली. चिडला नाही. "यादीमा नही व्हतूत भाऊ. पन गावमा व्हतूत ना आम्ही?"

एवढं बोलून तो ओट्यावरून उतरला. सरिता मॅडम चहा घेऊन येईपर्यंत तो रस्त्याला लागला होता.

घरी आल्यावर सुपडू जेवले नाहीत. शीतलने विचारलं तेव्हा आधी काही नाही म्हणाले. मग तिला त्यांनी ते सांगितलं, जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी एकशे आठवं घर झालं, नववा रोल संपला आणि ते कॅमेरा पिशवीत ठेवत होते. बांधावरून एका बाईने हाक मारली होती, "आमना भी काढ रे भाऊ." ते म्हणाले, रोल संपला. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पिशवीत त्यांचा स्वतःचा एक रोल होता. दुसऱ्या दिवशी सोनगीरला लग्न होतं, त्यासाठी ठेवलेला. अकरा झोपड्या, बारा फोटो. सहज झाले असते.

"लग्नाचं काम सोडून कसं चाललं असतं, आबा?"

"धुळ्याहून रोल मागवता आला असता. सकाळच्या गाडीने आला असता. मला तेवढी धावपळ करायची नव्हती, एवढंच."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून शीतल कॉम्प्युटरवर बसली. बांधाच्या बाजूची घरं कोणती, हे तिने सासऱ्यांना विचारलं. नव्वदच्या पुढची, ते म्हणाले. जुन्या निगेटिव्ह मोठ्या आकाराच्या, चौकोनी. त्यात बारीकसारीक भरपूर टिकतं. ती एकेक फोटो मोठा करून कोपरे बघू लागली. सत्त्याण्णव नंबरला थांबली.

"आबा, हे बघा."

पुढे पाटी धरलेला घरमालक, त्याच्या मागे कुडाचं कुंपण, कुंपणाच्या वर बांध. बांधावर माणसं उभी होती. फोटो कसा काढतात ते बघायला आली असावीत. शीतलने अजून मोठं केलं. चेहरे दाणेदार झाले तरी विरले नाहीत. तेरा माणसं मोजता आली. त्यांच्या पाठीमागे झोपड्यांची छपरं, एका छपरावर वाळत घातलेलं लुगडं.

तेवढाच भाग कापून त्यांनी मोठी प्रिंट काढली. रविवारी सुपडू शीतलच्या स्कूटीवर मागे बसून पाड्यावर गेले. शेवटची चढण पायी. कुवरसिंग अंगणात दोरी वळत होता. त्याने बाज टाकली. सुपडू टेकले नाहीत; उभ्या उभ्याच बोलले.

"कुवरसिंग, त्या दिवशी रोल सरेल नही व्हता. थैलीमा आखो एक व्हता. मी तुमना काढा नही."

कुवरसिंगने त्यांच्याकडे बघितलं. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात तसंच होतं.

"मी तठे नव्हतूच भाऊ. यावलले केळीना कामवर गयथू. दिवाळीले गयथू, पाऊसमा परत उनू, तं पानीच पानी." मग बाजेकडे हात करून म्हणाला, "बठ, चहा ले."

शीतलने प्रिंट उलगडली. कुवरसिंगने ती दोन्ही हातांनी धरून उन्हाकडे नेली. मग त्याचं बोट डावीकडून तिसऱ्या बाईवर थांबलं. एक हात कमरेवर, एका कडेवर तान्हं मूल.

"हाई मनी माय. जमना."

चेहरा तर नीटसा ओळखू येत नव्हता. पण ती अशीच उभी राहायची, कुणाशीही बोलताना हात कमरेवर. कडेवरची त्याची धाकटी बहीण. ती आता दोंडाईच्याला असते, तिला मोठी पोरं आहेत. अंगणातूनच त्याने पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांना हाका मारल्या. त्या आल्या आणि बाजेवर प्रिंट ठेवून नावं लावू लागल्या. एका माणसावरून दोघींचं भांडण जुंपलं. एक म्हणे तो बाठ्या, दुसरी म्हणे बाठ्या एवढा उंच कधी होता? तेरापैकी अकरा नावं लागली. दोन राहिली ती राहिलीच. सुपडूंनी पेन्सिलीने प्रिंटच्या मागे सगळी लिहून घेतली. हाक मारणारी बाई यातली कोण, हे त्यांना सांगता आलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

पाड्यावर आता सव्वीस घरं आहेत. पुढचे तीन रविवार सुपडू कुंदनचा कॅमेरा घेऊन तिथे गेले. गुडघा दुखत होता, म्हणून दिवसाला आठ-नऊच्या वर होत नव्हती. एका घराने नको म्हटलं, त्यांचा फोटो काढला नाही. एकाने मोटारसायकल पुसून पुढे लावली. एका म्हातारीने तिसऱ्यांदा साडी बदलली तोवर ऊन गेलं, तिचा फोटो पुढच्या खेपेला झाला.

सरिता मॅडमनी दहा बाय बाराची फ्रेम करून बांधावरच्या माणसांचा फोटो शाळेच्या दुसऱ्या वर्गखोलीत लावला. पाड्यावरची बरीच पोरं त्याच खोलीत बसतात. बाकीचे एकशे आठ पाकिटात घालून कपाटात ठेवले आहेत, कारण भिंतीवर तेवढी जागा नाही.

मार्चमध्ये कुवरसिंग बाजाराला आला तेव्हा स्टुडिओत डोकावला. बहिणीलाही तो फोटो हवा होता. आईच्या कडेवर आपण होतो, यावर तिचा अजून विश्वासच बसत नव्हता. सुपडूंनी त्याला बसवून लगेच प्रिंट काढून दिली. दोन पुठ्ठ्यांच्या मधे घातली, दोऱ्याने बांधली आणि दोंडाईच्याला जाणाऱ्या दुपारच्या गाडीची वेळ सांगितली.