तांबीच्या यादीतली नावं

"मॅडम, मला नावं पाहिजेत. नुसते आकडे नकोत." काशिनाथने अर्ज माझ्या टेबलावर आपटलाच.

माहिती अधिकाराचा कायदा नुकताच आला होता. जव्हारच्या आमच्या आरोग्य ऑफिसात मला जनमाहिती अधिकारी केलं होतं. म्हणजे लोकांनी मागितलेली सरकारी माहिती द्यायची की नाही, हे ठरवणारी. दुसरं कुणी तयारच नव्हतं. काशिनाथ खोडाळ्याकडचा, त्याच्या पाड्यातला पहिला बी.ए. तिकडे हिवाळ्यात तांबीची शिबिरं झाली होती. तांबी म्हणजे कॉपर-टी, पुढचं मूल लांबवण्यासाठी बाईला बसवतात ती. टार्गेट पूर्ण झाल्याचा रिपोर्ट वर गेला होता. तो रिपोर्टच खोटा, असं काशिनाथचं म्हणणं.

साहेबांनी अर्ज वाचून बाजूला सारला. "नाकारून टाका. बायकांची खासगी बाब आहे."

बायकांचा एवढा कळवळा त्यांना त्याआधी कधी आला नव्हता. रिपोर्टवर सही त्यांची होती.

पण मुद्दा खोटा नव्हता. अर्जाची कुणकुण पाड्यांत लागली तशी बाजाराच्या दिवशी एक तरुण बाई टेबलाशी आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाय, माझा नाव नको देस. घरात मी कोणाला सांगला नाय. सासूला कळला त मना हाकलील."

तिची तांबी खरी होती. पंधरा-वीस घरांच्या पाड्यात एक नाव फुटलं की दिवस मावळायच्या आत घरोघरी पोचतं. यादी दिली तर हिचा संसार मोडणार, नाही दिली तर खोटं पचणार.

शेवटी कायद्याचं पुस्तक पुन्हा उघडलं. जेवढं देता येतं तेवढं द्या, बाकीचं झाका, असं त्यात सरळ लिहिलंय. मी काशिनाथला शिबिरांच्या तारखा दिल्या आणि कोणत्या पाड्यात किती तांब्या बसवल्या ते आकडे दिले. बायकांची नावं झाकली.

तो भडकला. "खासगीच्या नावाखाली चोर लपवताय तुम्ही. मी अपील करीन."

"जरूर कर. पण आधी तारखा वाच."

त्याने वाचल्या आणि खुर्चीत बसला. "जानेवारी? अहो, दिवाळी झाली की आमचा पाडा भिवंडीला, वीटभट्टीवर. घरी म्हातारीकोतारी तेवढी राहतात!"

साहेब मात्र हटेनात. "आकड्यांनी काय सिद्ध होतं? एखादी आली असेल मधे."

मग मी काशिनाथला सांगितलं, "दुसरीचं नाव मी तुला देणार नाही. पण स्वतःबद्दल काय लिहिलंय, हे कुठलीही बाई विचारू शकते. दारिद्र्यरेषेखाली असेल तर फीसुद्धा नाही. ज्यांना यायचंय त्यांना घेऊन ये."

भट्ट्या बंद झाल्या आणि एका दुपारी जीप भरून बाया आल्या. मी एकेकीचा अंगठा अर्जावर घेतला, तिला एकटीला आत बोलावलं, दार लोटून तिच्यापुरतं वाचून दाखवलं. तिसरी दिवस भरत आलेली. ऐकल्यावर तिने स्वतःच दार उघडलं आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी ओरडली, "मना थंडीत तांबी बसवली? त ह्या काय कोहळा हाय?"

हात पोटावर होता. साहेब व्हरांड्यातच उभे होते. बाहेरच्या बाया खो खो हसल्या आणि मीही हसले, कितीही दाबलं तरी.

चौकशी लागली, रिपोर्ट रद्द झाला. पाड्यांत नसलेल्या बायांच्या तांब्या कुणी कागदावर बसवल्या तेही निघालं. साहेबांची बदली झाली, थोड्याच दिवसांत माझीही. बाजारातल्या त्या तरुण बाईने अर्ज केला नाही, आणि तिचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. पेपरात बातमी छापून आली तीही एका नावाशिवाय. नोकरीत मी फार मोठं काही केलं नाही, पण या कामाचा मला अजून अभिमान आहे.

नव्याने त्या खुर्चीवर बसणाऱ्यांना मी एवढंच सांगते. साहेब झाका म्हणाले की झाकायच्या आधी बघायचं, त्यात बायकांचं किती आहे आणि साहेबांचं किती.