सुजलेली बोटं आणि विहिरीची पायरी

"रुमेटॉइड आर्थ्रायटिस," रक्ताचा कागद बघून डॉक्टर म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनी सोपं करून सांगितलं. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून आपल्या सांध्यांवर उठते, मग सूज येते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दिंडोरीजवळ आमचा शेवंतीचा मळा होता. मी हार ओवायची. सकाळी बोटं मिटायची नाहीत. माझ्या हारांच्या गाठी नाशिकच्या बाजारात सुटायच्या. सासूबाई म्हणायच्या, "लोण्याची बोटं हायेत हिची."

मग माझं बोलणं कमी झालं. लेकीची वेणी विस्कटलेली दिसायची, पण हात उठायचा नाही. शेवंतीचा वाससुद्धा येईना. सासूबाईंनी उतारा टाकला. मलाही बाहेरची बाधाच वाटत होती.

मोटार चालू करायला विहिरीवर जायची. बोटांची आग व्हायची. पायरीवर वाटायचं, खाली गार आहे, तिथे काही दुखणार नाही. हा आवाज माझ्याच आवाजासारखा होता. त्याचीच जास्त भीती वाटायची.

रक्ताचा कागद बाजूला ठेवून डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही त्रास? मी नाही म्हटलं. बोट दाखवता येतं. हे कसं दाखवणार?

बरोबर आलेल्या सासूबाई मागून बोलल्या, "खोटं बोलती ती. हिरीच्या पायरीवर उभी राहती. मी रोज शेवंतीत बसून बघते."

मला वाटायचं त्या गवत निंदायला बसतात.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही सूज बोटांपुरती नसते. अंगभर असते, कुणाकुणाचं मनही धरते. याला डिप्रेशन म्हणतात, मनाचं खचणं. ही बाधा नाही आणि तुमचा दोषही नाही."

त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सांध्यांची गोळी आठवड्याला एकच, मनाची रोज. दर महिन्याला रक्त तपासायचं. कितीतरी महिन्यांनी, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईच्या गजऱ्याचा वास आला. मी तिथेच रडले.

तुमचीही बोटं अशी सुजत असतील, तर डॉक्टरांना मनाचंही सांगा. सांगवत नसेल, तर सांगणारं माणूस बरोबर न्या.

बोटं थोडी वाकडी राहिली. पायरीवरचा तो आवाज अजून कधीतरी येतो. मोटार मीच चालू करते. सासूबाई मागोमाग येतात.

"पाय धुवायचेत मला," म्हणतात.

रोजच त्यांना पाय धुवायचे असतात.