साडूंचं ग्रीस

परभणी जिल्ह्यात माझ्या साडूंनी चाक उचलून, फिरवून, कान लावून पाहिलं नाही अशी सायकल बहुधा नसेल. पालमला त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा सायकलच्या बेअरिंगमधल्या ग्रीसवर. आत गिऱ्हाईक लुगडं निवडत असे आणि हे बाहेर त्याच्या सायकलचं चाक फिरवत बसत. ग्रीसही ते कापडासारखंच चिमटीत चोळून बघत. ट्रकचं काळं ग्रीस त्यांना फार घट्ट वाटे, पाण्याच्या इंजिनाचं फार पातळ, आणि बैलगाडीचं वंगण सायकलला घालणाऱ्याशी तर ते बोलणंच टाकत. "काळ्या रानाची धूळ लय चिवट, गुरुजी. वंगणाला चिकटली की छर्रे खाऊन टाकती," असं मला बजावत. मी शाळामास्तर, दुसऱ्याचा धडा ऐकायची मला सवय नाही. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, करता काय?

कोणतंही ग्रीस उन्हात ठेवल्याशिवाय कळत नाही, हे त्यांचं ठाम मत. आमच्याकडे आले की पिशवीतून डब्या निघत. पत्र्यावर प्रत्येक डबीतलं एकेक बोट ग्रीस लावून पत्रा अंगणात ठेवायचा आणि कोणतं आधी ओघळतं ते बघत बसायचं. हिच्या पापडांना ऊन मिळत नसे.

दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची गोष्ट. हिला मास्तरणीच्या नोकरीसाठी परभणीला मुलाखतीला बोलावलं होतं. देवगाव फाट्यावर सकाळची एसटी गाठायची, आणि तिथवर माझ्या सायकलशिवाय दुसरं साधन नाही. साडू आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते. सकाळी उठून पाहतो तर मागचं चाक सुटलेलं, छर्रे रॉकेलच्या परातीत, आणि हे पत्रा घेऊन उगवतीकडे तोंड करून बसलेले.

"हे काय करायलाव?" मी ओरडलोच.

"चाक कुरकुरायलंय. सुमन मागं बसणार. जरा ऊन येऊ द्या, कोणतं घालायचं ते कळंल."

तेवढ्यात ही नवं लुगडं नेसून बाहेर आली. "दाजी, माझी बस जायलीय!" म्हणाली, आणि पिवळ्या डबीत बोट घालून स्वतःच हबमध्ये ग्रीस भरायला बसली. साडू खाली वाकून बघत म्हणाले, "बरोबर उचललंस. म्या बी तेच घालणार हुतो."

एसटी सुटता सुटता मिळाली. नोकरीही मिळाली. तेव्हापासून मी हिला त्याच सायकलवर फाट्याजवळच्या शाळेत सोडतो. दर उन्हाळ्यात साडू येऊन ते चाक उघडत, आणि मी दर उन्हाळ्यात वैतागत असे.

गेल्या वर्षी साडू गेले. यंदा चाक कुरकुरायला लागलं. त्यांची पिवळी डबी आमच्या कोनाड्यात आहे, तळाशी एका चाकापुरतं ग्रीस उरलंय. ही ते वापरू देत नाही, आणि दुसरं आणू म्हटलं तर म्हणते, "दाजींना चाललं असतं का?"

"अगं, पण चाक वाजलेलं तरी त्यांना चाललं असतं का?"

"वाजू द्या," ती म्हणते.

रोज सकाळी फाट्यापर्यंत ते चाक माझं डोकं उठवतं. अशा वेळी मला त्या माणसाचा फार राग येतो, आणि वाटतं, आता रस्त्यात कुठंतरी ते हात आडवा करून सायकल थांबवतील.