हिने घातलेलं वाक्य

मी चौथी शिकलेला. लखनौच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकांना जिल्द बांधायचो. बायको मॅट्रिक, अक्षर छापल्यासारखं. म्हणून तिथल्या एका मराठी सरांनी आपल्या पुस्तकाची छापखान्यासाठीची प्रत तिला उतरवायला दिली.

पुस्तक होतं एका प्राचीन यहुदी इतिहासकाराच्या लिखाणाचं पुढे काय झालं, त्यावर. लढाईत त्याचे सोबती गुहेत एकमेकांच्या हातून मेले. हा शत्रूला शरण गेला आणि जगला. त्याच्याच लोकांनी त्याला फितूर म्हणून वाळीत टाकलं. लिखाण जपलं ते ख्रिस्ती साधूंनी, शेकडो वर्षं हाताने उतरवून. पण उतरवता उतरवता त्यांनी येशूबद्दलचं आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घातलं, असं सरांचं म्हणणं.

एका संध्याकाळी ही गुहेच्या पानावर अडली.

"अहो, सगळे मेले आणि हा जगला. लाज कशी वाटली नाही याला?"

"वाटली असेल की."

"मग लिहिलंय कुठे?"

"तू लिही. साधूंनी घातलं, तू काय कमी आहेस?"

मी थट्टा केली. तिने खरंच लिहिलं : 'या जगण्याची त्याला मरेपर्यंत लाज वाटली.'

प्रत पुरी झाली आणि त्याच थंडीत ती काविळीने गेली. तेराव्यानंतर सर प्रत न्यायला आले.

"आता थेट छापखान्यात. वहिनींच्या हातचं मी पुन्हा तपासणार नाही."

मी गप्प बसलो असतो तर ते वाक्य छापलं गेलं असतं. तिचं दुसरं काहीच कुठे छापलेलं नाही. पण सरांनी त्या पुस्तकात अर्धं आयुष्य घातलं होतं. लोक त्यांना हसले असते. मी पान काढलं, बोट ठेवलं.

"सर, हे तुमचं नाही. हिचं आहे."

त्यांनी दोनदा वाचलं.

"अच्छा! साधूंची चोरी पकडत मी म्हातारा झालो, आणि इथे वहिनी!" हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही सांगा. ठेवू?"

"खोडा."

लाल पेन्सिल त्यांनी इतकी हळू चालवली की मीच म्हणालो, "आटपा, सर."

पुस्तक छापून आलं. लायब्ररीतल्या प्रतीला जिल्द मीच बांधली. गुहेचं पान उघडून पाहिलं. तो शरण जातो, जगतो, आणि पुढच्या ओळीत दुसराच विषय सुरू होतो. सरांनी लिहिलं होतं तसंच. मला मात्र ते पान त्या ओळीशिवाय वाचता येत नाही.