आंधी घर, मंग खांब

आमच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात टेलिफोनचा एक लाइनमन यायचा. "आंधी घर पाहू, मंग खांब," असं बिघाड शोधताना दर वेळी पुटपुटायचा; घर म्हणजे ऑफिसातली जोडणी.

एकदा माझ्या टेबलावरच्या फोनच्या बोर्डावरून गोदामाशी बोलता येई, पण बाहेर फोन लागेना. काटोलला संत्री भरलेला ट्रक उभा होता आणि तो कुठे न्यायचा ते कळवता येईना. मालक माझ्यावर तापले. लाइनमन आला, त्याने बोर्ड पाहिला. सकाळी धूळ पुसताना बाहेरच्या लाइनचं बटण मीच खाली पाडलं होतं. त्याने ते हळूच वर केलं आणि मालकांना म्हणाला, "घरात काही नाही जी. खांबावर हाय."

मग भर उन्हात तो खरोखर खांबावर चढला, जरा वेळ नुसताच थांबला आणि वरून ओरडला, "फोन लावून पाय गा बाबू."

केव्हाच सुरू झालेला फोन मी उचलला आणि म्हणालो, "लागला."