पंचनाम्यातली डबी

ते प्रकरण आठवू लागलो, की आधी धुकं दिसतं. मग टेबलावरचा पाण्याने भरलेला ग्लास.

तेव्हा मी म्हैसूरला पोलीस खात्यात होतो. लग्नाला आठ दिवस उरले असताना तिथल्या विजयनगर भागातला एक नवरदेव बेपत्ता झाला. त्याच्या खोलीचा पंचनामा केला. पंचनामा पंचांना मोठ्याने वाचून दाखवायचा असतो. हवालदार वाचत होते, दारात दोन्ही घरची माणसं उभी होती. बॅगेतून गोळ्यांची डबी निघाली. कैद्यांना रुग्णालयात नेताना तशी डबी मी पाहिली होती. एचआयव्हीवरच्या गोळ्या.

"सार, डबीवरचं नाव?"

"औषधाची डबी, एक. पुढे वाचा."

हे नियमात कितपत बसलं, अजूनही नक्की सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून एका खानावळवालीचा फोन आला. पेपरातला फोटो पाहून तिने त्याला ओळखलं होतं. "रोज सकाळी येतो. आठला त्याचं घड्याळ वाजतं, पाणी मागतो. पण पीत नाही."

"नवरदेव भिक्षू झाला वाटतं, सार," हवालदार म्हणाले.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा धुक्यात पताका हलत होत्या. मठातलं पठण पाण्याखालून यावं तसं येत होतं. तो ग्लासासमोर बसला होता. मी डबी पुढे ठेवली. चौकशी म्हणावी असं काही उरलंच नाही.

"चार महिन्यांपूर्वी कळलं, सार. पण आम्ही त्याआधीच... साखरपुड्यानंतर..."

"नवरीला सांगितलंत?"

"तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकेल."

"मी सांगणार नाही. ते तुम्हीच सांगायचं. पण तिला तपासणी करून घ्यावी लागेल, ती अडवू नका."

त्याने तिला फोन केला. दुपारच्या बसने ती आली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, तरी खिडकीतून आवाज आलाच.

"अय्यो, म्हणून पळालास? आणि मी तपासून कधी घ्यायचं, बारशाला?"

पाण्याचा ग्लास पुढे सरकवल्याचा आवाज आला. मग तीच म्हणाली, "आधी गोळी घे. भांडण बसमध्ये करू."

तिची तपासणी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनी पुन्हा केली तीही. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की रोज औषध घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. लग्नाचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

दप्तरात 'इसम मिळून आला' एवढंच आहे. डबीचं नाव न वाचता त्याची लाज राखली, यावर मी समाधानी होतो. त्या दिवशी तीही दारात उभी होती. त्या डबीशी तिचाही संबंध असेल, हे तीन दिवस माझ्या मनातही आलं नाही.